मदत हवी आहे: व्हेपोरायझर कमी देतोय, कॅलिब्रेशन (माप तपासून बरोबर करणं) कुठं होतं?

नमस्कार मंडळी, खानापूरकडं एका छोट्या हॉस्पिटलात ओटी टेक्निशियन आहे. आमच्या आयसोफ्ल्युरेनच्या (भुलीचं औषध) जुन्या व्हेपोरायझरचा, म्हणजे त्या औषधाची वाफ गॅसमध्ये मिसळणाऱ्या यंत्राचा, डायल २ टक्क्यांवर ठेवला की गॅसमधलं औषध मोजणाऱ्या अ‍ॅनालायझरवर १.४ च येतंय, ते पण सर्किटमध्ये (पेशंटकडं जाणाऱ्या नळ्यांत) नाही, थेट गॅस आउटलेटला लावून बघितलं तरी, आणि १ वर मात्र ०.९ म्हणजे ठीकच. वीसेक टक्के इकडंतिकडं चालतं म्हणतात, हे तीस झालं की ओ! लीक टेस्ट ओके, सॅम्पल लाइन (मोजायला गॅस नेणारी नळी) पण बदलली. मॅडम म्हणतात मॉनिटर बघून डायल वाढवू, पण मॉनिटरच बंद पडला तर काय करायचं सांगा. बेळगाव, हुबळी नाहीतर कोल्हापूरला रीतसर रिपोर्ट देणारं कोण आहे का? पाठवताना आतलं औषध पूर्ण काढूनच द्यायचं ना, गाडीत आडवा झाला तर परत पंचाईत. खर्चाचा अंदाज पण सांगा, ऑफिसात पहिलं तेच विचारणार.