जानेवारी १९९३: संचारबंदीत घरं कशी चालली?

सायली_ठाणे
माझा जन्म १९९४चा. आईबाबा तेव्हा परळला राहायचे. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलीचा विषय निघाला की "नको ते आता" म्हणून दोघंही उठून जातात. मला कोण चूक, कोण बरोबर यावर वाद नकोय. त्या दिवसांत दूध कुठून यायचं, रात्री कोण जागायचं, शेजारी कोण होते, एवढंच कुणी सांगाल का?

माहीमची_मावशी
सायली, सांगते. आम्ही माहीमला, कापड बाजाराजवळच्या चाळीत राहायचो. डिसेंबरात बाबरी पडली तेव्हाचा भडका आठवड्याभरात निवला, आम्हाला वाटलं सुटलो. जानेवारीत डोंगरीत माथाडी कामगारांचे खून झाले, पाठोपाठ जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसं जिवंत जाळली, आणि मग शहराला धरबंदच उरला नाही.

संचारबंदी दिवसा थोडा वेळ उठायची. तेवढ्यात मी दुधाच्या रांगेत, यजमान रॉकेलला, सासूबाई भाजीला. दूध मिळालं तरी लेकराला द्यायची भीती, कारण त्यात विष कालवलंय अशी आवई. पावाचंही तेच. रात्री पुरुष गच्चीवर. सोड्याच्या बाटल्या, जुन्या ट्यूबलाइट, विटांचे तुकडे तिथे रचलेले. बायकांनी मिरचीपूड दाराशी ठेवलेली. समुद्रातून शस्त्रं उतरणार म्हणे, म्हणून सगळे किनाऱ्याकडे डोळे लावून बसायचे. आमच्या गच्चीवरून एकही होडी दिसली नाही.

तळमजल्यावर दापोलीकडचं मुसलमान कुटुंब होतं. आमच्या गणपतीच्या मोदकांना तांदळाची पिठी त्यांच्या गावची असायची. डिसेंबरात त्यांचा थोरला मुलगा आमच्या पुरुषांबरोबर पहाऱ्याला बसायचा. जानेवारीत त्याला कुणी हाक मारली नाही. एका सकाळी पाहिलं तर दारावरची नावाची पाटी काढलेली. पुढे खोली मिळेल त्या भावाला विकून ते मुंब्र्याला गेले. चाळीत त्यांना जा असं कुणी म्हटलं नाही, हे खरं. पण "राहा, आम्ही आहोत" म्हणायला त्यांच्या दारातही कुणी गेलं नाही. लोकांना दंगल म्हटलं की आगी आठवतात. मला ती न मारलेली हाक अजून छळते, कारण ते करायला बाहेरून कुणी गुंड आले नव्हते.

मुंब्र्याचा_कोकणी
मावशी, आम्हीही तसेच आलो, भायखळ्याहून. मी तेव्हा मराठी शाळेत होतो, इथे येऊन उर्दू माध्यमात गेलो. अब्बा गोदीत कामाला, पहाटेची लोकल धरायला अंधारात निघायचे. अम्मी म्हणायची, लांब पडलं तरी रात्री झोप लागते. तिला दोष कसा देऊ? पण माझ्या मुलांना आज मजल्यावर एकही हिंदू शेजारी नाही. मावशी, तुमच्या पिठीचं वाचून ते फार जाणवलं.

दादरचा_वाचक
दोघांचेही आभार, असं कुणी लिहीत नाही. या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८चा. त्यात डिसेंबर आणि जानेवारी, दोन्ही टप्प्यांतले मृत ९०० धरलेत: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेल्यांत बहुतेकांची ओळखच पटली नाही. सायली, त्यात पोलीस ठाण्यांप्रमाणे घटना दिल्यात. परळच्या आसपासचा भाग आधी वाचा. मग आईबाबांना "काय झालं?" असं मोघम विचारू नका, एखादा रस्ता, एखादा नाका धरून विचारा. माझे वडील असेच बोलते झाले.