देशांना भावना नसतात म्हणे, मग इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात जेरुसलेमला कसे गेले?

रानवाट: परराष्ट्र धोरण म्हणजे फक्त हितसंबंध, भावना काय त्या टीव्हीवाल्यांसाठी, असं सगळे छातीठोक सांगतात, मला अजिबात पटत नाही. इजिप्तचंच बघा, १९६७ च्या युद्धात सहा दिवसांत सिनाई वाळवंट इस्रायलच्या ताब्यात गेलं आणि ती नामुष्की इतकी जिव्हारी लागली की त्यानंतर इस्रायलसमोर बोलायला बसणं म्हणजे नाक घासणंच वाटायचं. १९७३ च्या युद्धात त्यांचं सैन्य सुएझ कालवा ओलांडून गेलं, सिनाई काही परत मिळालं नाही, पण गेलेली इज्जत मिळाली, आणि म्हणूनच नोव्हेंबर १९७७ मध्ये सादात थेट जेरुसलेमला जाऊ शकले. इस्रायलच्या संसदेत ते म्हणाले की दोघांमधली मनातली भिंत हाच ७० टक्के प्रॉब्लेम आहे.

उंबरठा: अहो भाषणावर काय जाता! त्याच वर्षी जानेवारीत सबसिडी कापली म्हणून इजिप्तभर ब्रेडवरून दंगली पेटल्या होत्या, सोव्हिएत सल्लागार १९७२ लाच हाकललेले, अमेरिकेचा पैसा हवा होता आणि सिनाईतलं तेल हवं होतं. इस्रायललाही सगळ्यात मोठं अरब सैन्य आपल्या अंगावरून काढायचं होतं. सिनाई परत द्यायचं, बदल्यात शांतता घ्यायची, रोखठोक व्यवहार आहे हा.

रानवाट: मग हाच व्यवहार १९७१ ला का नाही झाला? सादात तेव्हाही शांतता करार करायला तयार होते, सिनाई तेव्हाही तिथंच होतं. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्या सरकारला जुन्या सीमेवर परत जायचं नव्हतं, कारण १९६७ च्या विजयाची धुंदी होती.

उंबरठा: धुंदी नाही, हिशोब. १९७३ ला इस्रायलचे अडीच हजारांवर सैनिक मारले गेले तेव्हा सिनाई धरून ठेवायची किंमत कळली.

मृण्मयी_प: अडीच हजार घरांतलं दुःख आणि सरकारवरचा राग, हा हिशोबच आहे का नुसता? गोल्डा मेयरना १९७४ ला पद सोडावं लागलं ते त्या रागामुळेच. आणि १९७८ ला अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला झालेल्या शांतता चर्चेत शेवटच्या दिवशी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन चिडून निघायच्या बेतात होते, तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांच्या नातवंडांची एकेकाची नावं घालून सह्या केलेले फोटो दिले, बेगिनचे डोळे भरून आले.

उंबरठा: आणि जेरुसलेमबद्दलच्या अमेरिकेच्या पत्राचा मसुदा बदलला ते नाही सांगितलं तुम्ही. सही त्यामुळे झाली.

रानवाट: मसुदा वाचायला माणूस खोलीत थांबायला तर हवा ना! आणि ज्यांच्या अपमानाची दखलच घेतली नाही त्या पॅलेस्टिनींचा एकही प्रतिनिधी त्या टेबलावर नव्हता, १९७८ पासून आजपर्यंत त्याचं काय झालंय ते तुमच्या हिशोबात कुठल्या रकान्यात मांडता?