सुट्टीत वाचण्यासाठी विमानोड्डाणावरील पुस्तके सुचवावीत

नमस्कार. पुढच्या महिन्यात दहा दिवसांची सुट्टी आहे आणि तेवढ्या काळात विमानोड्डाणावरची दोन-तीन पुस्तके निवांतपणे वाचावीत असा बेत आहे. मी वैमानिक नाही आणि अभियंताही नाही. विमानाचा आवाज आला की हातातले काम टाकून मान वर करणाऱ्यांपैकी आहे, एवढेच.

आवड कळावी म्हणून आधी काय वाचले आहे ते सांगतो. चार्ल्स लिंडबर्ग यांचे ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ (१९५३) मी दोनदा वाचले आहे. न्यूयॉर्क ते पॅरिस हे १९२७ सालचे साडेतेहेतीस तासांचे उड्डाण यशस्वी झाले हे पहिले पान उघडण्याआधीच ठाऊक असते, तरीही त्यांची झोपेशी चाललेली झटापट वाचताना आपल्याच पापण्या जड होतात. विमान आपटले तर इंजिन आणि इंधनाची टाकी यांच्यामध्ये चिरडले जाऊ नये म्हणून त्यांनी मुख्य टाकी आपल्या पुढ्यात बसवून घेतली आणि त्यापायी समोरचे सरळ दिसण्यावर पाणी सोडले. अटलांटिक ओलांडत आल्यावर मासेमारीच्या होड्या दिसताच खाली उतरून, इंजिनाचा वेग कमी करून, ‘आयर्लंड कुठल्या दिशेला आहे?’ असे ते ओरडून विचारतात आणि होडीतला माणूस नुसता पाहत राहतो. असे प्रसंग मला हवे आहेत.

फ्रेंच वैमानिक-लेखक सेंतेक्झ्युपेरी यांचे ‘विंड, सँड अँड स्टार्स’ही आवडले, त्यांच्या विमानाच्या १९३५ सालच्या अपघातानंतर वाळवंटात पंखावरचे दव फडक्याने टिपून, त्यात मिसळलेल्या तेल आणि रंगासकट पिण्याचा भाग विसरता येत नाही. मात्र त्यातले चिंतन मला अधूनमधून लांबल्यासारखे वाटले. लँगविशे यांचे ‘स्टिक अँड रडर’ (१९४४) अर्ध्यावर आहे. केवळ वेग कमी झाला म्हणून विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचलून धरण्याची शक्ती एकाएकी घटते, असे नाही, तर पंख वाऱ्याला फार मोठ्या कोनात सामोरा गेला की होते, हे त्यामुळेच प्रथम नीट समजले. पण ते कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचे पुस्तक आहे, आरामखुर्चीतले नव्हे.

आता विचारायचे ते असे. अर्नेस्ट गान यांचे ‘फेट इज द हंटर’ आणि बेरिल मार्कम यांचे ‘वेस्ट विथ द नाइट’ ही दोन पुस्तके मनात आहेत. गान स्वतः विमान कंपनीत वैमानिक होते. तेव्हा त्यांच्या लेखनातील जुन्या दिशादर्शन पद्धतीची परिभाषा माझ्यासारख्या वाचकाला जड जाईल का? मार्कम यांनी १९३६ साली इंग्लंडहून पश्चिमेकडे एकटीने अटलांटिक पार केला, पण पुस्तकात त्या उड्डाणाला किती जागा आहे आणि आफ्रिकेतील दिवसांना किती, हे वाचलेल्या कुणी सांगितल्यास निवड सोपी होईल. राइट बंधूंवरील चरित्रांपैकी, पंखांच्या प्रयोगांसाठी त्यांनी स्वतः बांधलेल्या वायुबोगद्याबद्दल (कृत्रिम वाऱ्याचा झोत सोडून पंखांचे नमुने तपासण्याची बंदिस्त पेटी) सविस्तर लिहिलेले कोणते आहे, हेही कळवावे.

युद्धातल्या पाडलेल्या विमानांची मोजदाद करणारी पुस्तके नकोत. अपघातांच्या चौकशीवरची पुस्तके एरवी मला फार आवडतात, पण या वेळी प्रवास विमानाचा आहे आणि शेजारच्या आसनावर पत्नी असणार आहे, तेव्हा ती कृपया परतल्यानंतरसाठी वेगळी सुचवावीत.