छोट्या अ‍ॅम्पसाठी परवडणारे स्पीकर सुचवा

आडताल: नमस्कार मंडळी. टीपीए३११६ चिपचा छोटा अ‍ॅम्प घेतलाय. खोक्यावर ‘५० वॅट + ५० वॅट’ छापलंय, सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर आला. खोली १० बाय १२. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यपदं, अधूनमधून जुनी हिंदी गाणी. बजेट बारा हजार, ताणून पंधरा. सेकंडहँडही चालतील. दुकानदार म्हणतो १०० वॅटचेच घ्या, नाहीतर उडतील. खरं का?

डाखवाला: स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसेल, एवढंच. किती मोठ्याने वाजेल हे सेन्सिटिव्हिटीवरून कळतं: एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. दर ३ डेसिबलला अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते. म्हणजे ८४ चा स्पीकर ९० च्या स्पीकरइतका वाजवायचा तर चौपट वॅट हवेत. तुमच्याकडे ते नाहीत, कारण खोक्यावरचे ५० वॅट २१ व्होल्ट आणि ४ ओहमच्या स्पीकरला मिळतात (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते). १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम आठ-नऊ.

तरी काळजी नको. ८८ डेसिबलच्या स्पीकरला आठ वॅट मिळाले तर एका मीटरवर ९७ होतात. तुमच्या खोलीत तेवढ्यात शेजारी दार वाजवतील. ८७ च्या खाली मात्र जाऊ नका. आणि आवाज फाटायला लागला की बटण मागे घ्या. छोटा अ‍ॅम्प ताणला की ट्वीटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) जळू शकतात, मोठ्या वॅटच्या स्पीकरचेही.

पेठेतली: +१. नावंच हवी तर पोल्क टी१५ (सेन्सिटिव्हिटी ८९), सोनी एसएस-सीएस५ (८७, ६ ओहम), क्लिप्श आर-४१एम (९०). नवे बजेटबाहेर गेले तर सेकंडहँड बघा. आकड्यात क्लिप्श पुढे, पण त्याच्या हॉर्न (भोंग्याच्या आकाराच्या) ट्वीटरवर हार्मोनियम मला टोचते. ख्यालासाठी मी सोनीच घेईन.

रिकामटेकडा: टोचते कसली! जरा कानापासून बाजूला वळवून ठेवा. तबल्याची चाट क्लिप्शवर ऐकाच एकदा.

पेठेतली: तबला तुमचा, गाणं आमचं :) आडताल, आवडीची चीज सोबत नेऊन दोन्ही ऐका.

डाखवाला: सेकंडहँड घेताना आधी जाळी काढायला लावा. कोनभोवतीची (पुढच्या हलणाऱ्या पडद्याभोवतीची) कड फोमची असेल तर बोट हलकेच लावून पाहा, भुगा पडला की परत फिरा. रबरी कड जास्त टिकते. ओहम मोजायला मल्टिमीटर न्या: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आत काहीतरी तुटलंय. ट्वीटर मात्र मल्टिमीटरवर कळत नाही, कान जवळ नेऊन ऐका. घरी आणल्यावर भिंतीजवळ ठेवलेत तर खर्जाला फुकटचं बळ मिळतं, पण कोपऱ्यात कोंबू नका, डग्गा घुमतो.

आडताल: मनापासून आभार! जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पडून आहे. तो लावला तर?

डाखवाला: लावा, ८ ओहमला वीसेक वॅट मिळतील. आधी बोर्डावरचा मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा भाग) किती व्होल्ट सोसतो, त्यावर काय छापलंय ते बघा.

आडताल: २५व्ही लिहिलंय.

डाखवाला: मग चालेल. पिनचं माप जुळतंय ना, आणि आतली बाजू प्लस आहे ना, तेवढं तपासा.