गुडघ्यामुळे चालणं बंद, शुगर चढतेय. मदत हवी आहे

होटगीरोडकर:
गुडघा दुखावलाय, तीन आठवडे घरात बसून आहे. आधी रोज पहाटे सोलापुरात होम मैदानावर पाऊण तास चालायचो, सगळं ताब्यात होतं. काल २८६ आली. गोळ्या चालू, खाणं तेच. बसल्या बसल्या करण्यासारखा व्यायाम सांगा, आजपासून सुरू करतो. 'डॉक्टरांना दाखवा' सांगू नका, दाखवून आलोय.

शेंगाचटणी:
२८६ उपाशीपोटी की जेवणानंतर? गोळ्या कुठल्या? वय? गुडघ्याला झालंय काय?

होटगीरोडकर:
जेवल्यावर दोन तासांनी. वय ५४. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. बाथरूममध्ये घसरलो, गादी फाटलीय म्हणाले. व्यायाम सांगा ना.

मेथीदाणा:
रात्री चमचाभर मेथ्या भिजत घाला, सकाळी अनशापोटी पाणी प्या. माझ्या साडूची गोळीच सुटली.

शेंगाचटणी:
गोळीबरोबर मोजायचंही सुटलं असेल त्यांचं. मेथ्या खा, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडायला सांगू नका कुणाला.

मेथीदाणा:
तुम्ही डॉक्टर का?

शेंगाचटणी:
नाही, पंधरा वर्षं शुगर सांभाळतेय.

खुर्चीबहाद्दर:
माझा घोटा मोडला तेव्हा सहा आठवडे प्लास्टर होतं. पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या घ्यायच्या, खुर्चीत ताठ बसून खांद्यापासून वर उचलायच्या, मग दंडाचे व्यायाम, मग समोर बुक्के मारल्यासारखे हात. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. स्नायू राबला की साखर ओढतोच, मग तो मांडीचा असो की दंडाचा. दंड लहान, त्यामुळे चालण्याइतका फरक पडत नाही, पण पडतो. मात्र ग्लिमेपिराइडवर आहात, त्या गोळीनं शुगर फार खालीही जाऊ शकते, खिशात साखर ठेवा. घाम, थरथर झाली की आधी मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजा. दुखऱ्या पायाचं काय करायचं ते फिजिओलाच विचारा.

कडकभाकर:
चपाती बंद करा. मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी, मी वर्षभर तेच खाऊलालोय. काही होत नाही.

खुर्चीबहाद्दर:
ज्वारीच्या पिठाची साखर होत नाही का? कडक भाकरी तर पापडासारखी, चटणीबरोबर मोडत बसलं की किती झाल्या तेच कळत नाही.

होटगीरोडकर:
चारच खातो मी.

शेंगाचटणी:
चार! चालणं शून्य आणि भाकरी चार. पण नुसत्या त्यानं २८६ वाटत नाही. चालणं बंद झाल्यावर पहिले दोन आठवडे किती येत होती?

नवीपेठकर:
होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरली की तसंही चालायला जागा नसते. मी तेवढे दिवस कंबर तलावाला जातो. कुणी येणार असेल तर सांगा.

होटगीरोडकर:
आधी १६०-१७०, घरी बसल्यावर १९०-२००. रविवारपासून एकदम उडी. शनिवारी गुडघ्यात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून दुखणं मात्र बरंच कमी आहे.

शेंगाचटणी:
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! कसलं इंजेक्शन? कागद बघा.

होटगीरोडकर:
ट्रायमसिनोलोन. शुगरचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गुडघा दाखवायला गेलो होतो, शुगर कशाला काढू?

शेंगाचटणी:
ते स्टिरॉइड. सांध्यात टोचलं तरी थोडं रक्तात उतरतंच आणि शुगर चढवतं. बहुतेकांची आठवडाभरात खाली येते, माझ्या खांद्याच्या वेळी पाच दिवस लागले. तोवर रोज तीन-चार वेळा मोजून वहीत लिहा. स्वतःच्या मनानं गोळी वाढवू नका, इंजेक्शनचा जोर ओसरला की तीच गोळी तुम्हाला खाली पाडेल. शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन करा. ३०० च्या वर राहिली, तहान-लघवी वाढली किंवा उलट्या झाल्या तर फोन नको, सरळ जा.

कडकभाकर:
म्हणजे भाकरीचा दोष नव्हता.

खुर्चीबहाद्दर:
चारातल्या दोनचा होता.

होटगीरोडकर:
फोन केला. गोळी आहे तेवढीच ठेवा, वही घेऊन शुक्रवारी या म्हणाले. आज जेवल्यावर २४१. बाटल्या दहा मिनिटं उचलल्या, दंड भरून आलेत. भाकरी दोनवर आणलीय. हा धागा बायकोनं वाचला, मेथ्या भिजत पडल्यात.

मेथीदाणा:
मी सांगत होतो.