मदत हवी आहे: मॅट लॅकर मारल्यावर विमान दुधाळ झालं

स्प्रूकापू
मंडळी, तातडीचं आहे. १/७२ मापाचं प्लास्टिकचं मॉडेल, मिग-२१ बायसन. रंग झाला, डिकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) बसले, वॉश (खाचांत भरायचा पातळ गडद रंग) झाला, सगळं मस्त. काल रात्री शेवटचा लॅकरचा हात मारला आणि सकाळी बघतो तर पाठ आणि उजवा पंख दुधाळ! राखाडी रंग ओळखू येत नाही, राउंडेलमधला (हवाई दलाचं तिरंगी गोल चिन्ह) हिरवा पार फिका. रविवारी ग्रुपच्या टेबलावर ठेवायचंय. वरून कोणतं व्हार्निश मारलं की हे जाईल, तेवढंच सांगा. "सगळं खरवडून परत रंगव" हे कृपया कुणी सांगू नका.

थिनरसम्राट
लॅकर कोणतं? थिनर कोणता? किती पातळ केलंस? खाली रंग कसला? राहतोस कुठे?

स्प्रूकापू
लॅकर मिस्टर कलरचं, मॅट. खाली टामिया. ठाण्यात राहतो, पण त्याचा काय संबंध?

थिनरसम्राट
टामियाचे एक्सएफ (अ‍ॅक्रिलिक) की एलपी (लॅकर)? थिनरचं उत्तर आलंच नाही.

मीनल_के
मुळात लॅकरच्या नादाला लागायचंच कशाला? मी केव्हाच पाण्यातल्या व्हार्निशवर आले. वास नाही, घरात कटकट नाही, एअरब्रश नळाखाली धुवून होतो. वालेहोचं मॅट मारा आणि शांत झोपा.

थिनरसम्राट
मीनलताई, त्याने लॅकर मारून झालंय. आणि पाण्यातलं व्हार्निश या हवेत सुकायला किती वेळ घेतं ते तुम्हीच सांगा. शिवाय लॅकरच्या थरावर एनॅमलचा वॉश टर्पेंटाइनने कितीही पुसला तरी खालचं काही हलत नाही. पाण्यातल्या थराबद्दल मी तेवढी खात्री देणार नाही.

मीनल_के
मी देते. पूर्ण सुकू द्यायचं असतं, इतकंच. तुम्हाला धीर नसतो.

स्प्रूकापू
एक्सएफ. थिनर एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा), कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडचा. रंगालाही तोच वापरतो. एप्रिलमध्ये याच थिनरने दुसरं विमान केलं, काही झालं नाही.

थिनरसम्राट
एप्रिल आणि जुलै. म्हणून विचारलं कुठे राहतोस.

थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतो. आत्ता तुझ्याकडे २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) २५ च्या आसपास येतो. म्हणजे पंख जेमतेम दोन अंश गार झाला की हवेतली वाफ ओल्या लॅकरवर बसते, थर तसाच सुकतो आणि पांढरा दिसतो. एनसी थिनर भराभर उडतो, त्यामुळे गारही जास्त करतो. मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असतो, त्यामुळे तो सावकाश उडतो. पावसाळ्यात मी दुसरं काही वापरतच नाही.

पण आधी हे बघ: बोट फिरवलं की गुळगुळीत लागतं की खरखरीत? खरखरीत असेल तर ओलावा नाही, लांबून मारल्याने लॅकर हवेतच सुकून भुकटीसारखं बसलंय. आणि पांढरेपणा सगळीकडे सारखा आहे की पंखाच्या मुळाशी, पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडांच्या खाचा) साचलाय? साचला असेल तर ती चकाकी मारायला लॅकरमध्ये असते ती मॅटची पावडर आहे, बाटली नीट ढवळली नसेल.

कॉम्प्रेसरकाका
इतकं पुराण कशाला? वॉटर ट्रॅप (कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी अडवणारा) नाही, म्हणून झालं. टाकीतलं पाणी काढलं होतं का? आमच्याकडे मुंबईत रोज काढतो, वाटीभर निघतं.

थिनरसम्राट
काका, हवेच्या लाइनमधलं पाणी आलं तर थेंब उडतात, ठिपके आणि खड्डे पडतात. पाठभर एकसारखा दुधाळपणा ट्रॅप लावून थांबत नाही. ट्रॅप हवाच, पण हा रोग वेगळा.

कॉम्प्रेसरकाका
रोग वेगळा असेल, पण माझ्या विमानांना होत नाही.

लाकूडतोड्या
मी मॉडेलवाला नाही, फर्निचरचं काम करतो. आमच्याकडेही पावसात एनसी लॅकर पांढरं पडतं, चिलिंग म्हणतो आम्ही. रिटार्डर टाकतो नाहीतर ऊन पडायची वाट बघतो. तुम्ही सरळ टू-के पीयू (हार्डनर मिसळायचं पॉलियुरेथेन) मारा ना, काचेसारखं होतं.

मीनल_के
नका हो असलं सांगू. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. बाल्कनीत साधा मास्क लावून मारायची गोष्ट नाही ती.

स्प्रूकापू
गुळगुळीत आहे. पाठीवर सारखं, पण पंखाच्या मुळाशी जास्त. एसी लावून परत मारू का?

थिनरसम्राट
म्हणजे ओलावा आणि पावडर, दोन्ही आहे. लेव्हलिंग थिनर आण आणि नुसताच, व्हार्निश न घालता, १५ पीएसआयवर धुक्यासारखा मार. थर किंचित विरघळतो, अडकलेला ओलावा निघून जातो. ओलं करायचं नाही! खाली एक्सएफ आहे आणि डिकल आहेत, थिनर साचला तर राउंडेल सुरकुतेल. आधी रंगवलेल्या स्प्रूवर (सुटे भाग ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट) करून बघ. (पूर्वी चमचे सांगायचो, २०२२ च्या बंदीनंतर प्लास्टिकचे चमचे शोधायचे कुठे?) मग विमानाच्या पोटावर, मग पाठ.

एसीने फायदा होतो. २६ अंश आणि ५५ टक्क्यांवर दवबिंदू १६ च्या आसपास जातो, भरपूर फरक पडतो.

मीनल_के
आणि बंद खोलीत लॅकर थिनरची वाफ भरली की? सम्राट, तुम्हीच असं सांगता? ज्वलनशील असतं ते. आधी एसीने खोली आणि विमान दोन्ही कोरडं करून घ्या, मारताना खिडकीला लावलेला एक्झॉस्ट चालू हवा, आणि मास्क ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा. एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

थिनरसम्राट
हे मान्य. हेअर ड्रायरने लांबून विमान कोमट केलं तरी चालतं. फक्त कोमट, नाहीतर नाकावरची बारीक पिटो ट्यूब वाकेल.

ओझरचा_बाळ्या
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. मॅट मारलंच का? वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, मिग जवळून बघितलेत. बायसन खडूसारखं कोरडं कधीच दिसलं नाही, अंगावर हलकी चकाकी असायची. सेमीग्लॉस पाहिजे.

कॉम्प्रेसरकाका
१/७२ ला चकाकी खेळण्यासारखी दिसते. आणि चंदीगडला २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ ला निरोप दिला त्याचे फोटो बघा, रापलेली विमानं होती.

ओझरचा_बाळ्या
फोटोत बघितलं तुम्ही. मी हात लावलाय.

पेणकर
जरा विषयांतर. आमच्याकडे गणपतीचा रंग गनने मारतात. शाडूच्या मूर्तीवर दागिन्यांची चमक टिकवायला हे लॅकर चालेल का?

मीनल_के
शाडू पाण्यात विरघळावा म्हणून घेतात ना लोक? वर लॅकरचा पापुद्रा कशाला? नका मारू.

पेणकर
गिऱ्हाईक मागतं हो ताई.

स्प्रूकापू
अपडेट. लेव्हलिंग थिनर दादरला मिळाला. स्प्रूवर जमलं, पोटावर जमलं, पाठीचा पांढरेपणा पूर्ण गेला. हिरवा परत हिरवा दिसतोय. पंखाच्या मुळाशी मात्र राखेसारखं अजून आहे.

थिनरसम्राट
ती मॅटची पावडर, थिनरच्या धुक्याने जात नाही. तेवढ्या भागावर ग्लॉस मार, मिस्टर कलरचं जीएक्स १०० किंवा टामियाचं एलपी-९, लेव्हलिंग थिनरमध्ये निम्मं-निम्मं. पहिले दोन हात अगदी कोरडे. पावडर ग्लॉसमध्ये बुडाली की पारदर्शक होते. मग सगळ्या विमानावर एकच सेमीग्लॉस, एलपी-२४ चालेल. बाळ्याही खूश.

ओझरचा_बाळ्या
मी आधीच सांगितलं होतं.

स्प्रूकापू
करतो. आणखी एक, कॅनॉपीचं (वैमानिकावरची काच) मास्किंग काढलं तर काच आतून धुरकट. हाही ओलावाच का?

कॉम्प्रेसरकाका
ट्रॅप लाव.

मीनल_के
कॅनॉपी सुपरग्लूने चिकटवली असेल तर त्याच्या वाफा आत बसतात. बाहेरून कितीही पॉलिश केलं तरी निघणार नाही. काढून आतून पुसा आणि परत लावताना पांढरा फेविकॉल वापरा.