फिटचं औषध थेट शिरेत द्यावं की सलाईनमधून?

रात्रपाळी:
फिट ५ मिनिटांत थांबली नाही की स्टेटस एपिलेप्टिकस (आपोआप न थांबणारी, जिवावर बेतू शकणारी फिट) धरून उपचार सुरू करतो. पहिलं औषध लोराझेपाम देऊनही झटके चालूच राहिले तर दुसरं, लेव्हेटिरासिटाम. मग १०० मिलीची सलाईन शोधा, औषध त्यात भरा, सेट लावा आणि १५ मिनिटं थेंब थेंब सोडा. पेशंट झटके देतोय आणि आपण बाटलीकडे बघतोय! हे औषध न मिसळता २ ते ५ मिनिटांत सरळ शिरेत देता येतं. ४५०० मिग्रॅपर्यंत असं दिल्याचे अभ्यास आहेत, त्यांत गंभीर त्रास क्वचितच दिसला. मग थांबायचं कशासाठी?

सावकाश:
सर, मला हे पटत नाही. ६० किलोच्या माणसाला किलोमागे ६० मिग्रॅ म्हणजे ३६०० मिग्रॅ. ५०० मिग्रॅच्या आठ व्हायल, ३६ मिली औषध. ते हाताने देताना सिस्टर तिथेच अडकतात. तेवढा वेळ श्वास आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) कोण बघणार? शिवाय हात एकदा भरभर द्यायला सरावला की उद्या फेनिटॉइन हे फिटचं दुसरं औषधही तसंच जाईल. त्याची मर्यादा मिनिटाला ५० मिग्रॅ. ते ज्यात विरघळवलेलं असतं त्या प्रॉपिलीन ग्लायकॉलने बीपी कोसळतं, हृदयाचे ठोके बिघडतात, शिरेबाहेर गेलं तर हात काळानिळा पडतो.

पहिलीमात्रा:
दोघंही दुसऱ्या औषधावर भांडताय, उशीर पहिल्यातच होतो. श्वास थांबेल या भीतीने ४ मिग्रॅऐवजी २ मिग्रॅ लोराझेपाम देतात. फिट लांबली की मेंदूतले गाबा रिसेप्टर (लोराझेपाम ज्यांच्यावर काम करतं ते) पेशीच्या आत ओढले जातात, मग तेच औषध कमी चालतं. शीर सापडत नसेल तर दंडात सुया टोचत बसू नका, लोराझेपामच्याच जातीचं मिडाझोलाम मांडीच्या स्नायूत द्या. २०१२च्या रॅम्पार्ट चाचणीत हॉस्पिटलला पोचेपर्यंत फिट थांबलेले मिडाझोलाम गटात ७३ टक्के होते, शिरेतल्या लोराझेपाम गटात ६३.

रात्रपाळी:
पहिल्या मात्रेचं शंभर टक्के मान्य. पण २०१९च्या इसेट चाचणीत लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, तिन्हींनी जेमतेम निम्म्यांचीच फिट थांबली. उरलेल्यांना पुढे भूल द्यायची की नाही हे लवकर ठरायला हवं, म्हणून थेट शिरेत देऊन वाचणारी ती दहा मिनिटं मला मोलाची वाटतात. फेनिटॉइनची भीती खरी आहे. सिरिंजवर नाव लिहा, फेनिटॉइन ठरलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या पंपावरच ठेवा.

सावकाश:
दुसरा माणूस फक्त मॉनिटरपाशी उभा असेल तर थेट शिरेत द्या. एकटी सिस्टर असेल तर माझ्या वॉर्डात औषध सलाईनमधूनच जाईल.